विनोदी इतिहास-पॉडकास्टमधली माणसं कामं कधी करतात?

कात्रीवाली

नमस्कार मंडळी. प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. इथे इतिहासवाले आणि पॉडकास्टवाले दोन्ही आहेत, म्हणून विचारते.

मी ध्वनिसंपादन करते. लोक दीड तास बोलतात, मी त्याचा पाऊण तास करते. दिवसभर दुसऱ्यांचे खोकले, श्वास आणि 'अं...' कापून झाले की रात्री कपड्यांच्या घड्या घालताना विरंगुळा म्हणून पुन्हा बोलणारी माणसंच ऐकते. याला काय म्हणायचं ते म्हणा. त्यातही विनोदी इतिहासाचे पॉडकास्ट सगळ्यात जास्त. बीबीसीचा 'यू आर डेड टू मी' (२०१९ पासून चालू आहे, एक इतिहासतज्ज्ञ, एक विनोदवीर आणि मध्ये सूत्रसंचालक ग्रेग जेनर) ऐकते. त्याहून जुना 'द डॉलप', २०१४ चा. त्यात दोघे विनोदवीर, एक गोष्ट वाचून दाखवतो आणि दुसऱ्याला आज विषय काय आहे याचा पत्ताच नसतो. शिवाय दोन-तीन मित्र माइकसमोर बसून 'तेव्हा जगणं खरंच इतकं वाईट होतं का' यावर गप्पा छाटतात तो प्रकारही. सगळं आवडतं. आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की मी नाक मुरडतेय.

राजेराण्या आणि लढायांच्या भागांबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं 'रोजचं जगणं' या विषयावरच्या भागांबद्दल आहे. त्यात ठरलेल्या गोष्टी येतात: वास, उवा, किडके दात, संडास, साथीचे रोग. मग कुणीतरी 'तेव्हा लोक तिशीतच मरायचे' म्हणतं (सरासरी तिशीत येते ती लहान मुलं फार दगावायची म्हणून; विशी गाठलेला माणूस पन्नाशी-साठी बघू शकायचा, हे दर वेळी कुठे सांगत बसायचं). आणि शेवटी 'बापरे, बरं झालं आपण आत्ता जन्मलो'. हशा, संगीत, संपलं.

मध्यंतरी एक भाग ऐकला, नाव सांगत नाही. विषय रोमन सार्वजनिक शौचालयं. दगडी बाक, त्याला ओळीने भोकं, मध्ये आडोसा नाही, आणि काठीला बांधलेला स्पंज. विनोदवीर म्हणाला, 'थांबा, सगळ्यांत मिळून एकच?' यावर मीही हसले, हातातली घडी मोडली. हशा ओसरता ओसरता इतिहासतज्ज्ञ बाई म्हणाल्या, 'पण या स्पंजचा एक उल्लेख...' आणि पुढे थेट संगीत. त्यांनी पुढच्या वाक्यासाठी घेतलेला श्वास अर्ध्यात तुटलेला मला स्पष्ट ऐकू आला. धंदाच तो, असले सांधे कानाला टोचतात.

म्हणून उल्लेख शोधला. सेनेका या रोमन तत्त्वज्ञाच्या पत्रांपैकी सत्तरावं पत्र. जंगली श्वापदांशी झुंजायला तयार करत असलेला एक जर्मन माणूस. त्याच्यावर चोवीस तास पहारा, फक्त शौचाला जाताना एकटं सोडायचे. तो आत गेला, तिथली स्पंजची काठी उचलली आणि स्वतःच्या घशात कोंबून मेला. सेनेका हे धैर्याचं उदाहरण म्हणून सांगतो. तो स्पंज अंग पुसायला होता की शौचालय घासायला, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, हे त्याच शोधात कळलं.

आता, विनोदी कार्यक्रमात ही गोष्ट सांगाच असं मी म्हणत नाहीये. निर्मात्याने 'पंचेचाळीस मिनिटांत बसव' म्हटलं असतं तर कात्री मीही तिथेच लावली असती. मला खटकलं ते वेगळंच. इतका वेळ स्पंजवर चर्चा झाली आणि तो धुवायचं कोण, हे एकानेही विचारलं नाही. तो बाक कोण घासत होतं? पाणी कोण भरत होतं? तेव्हापासून नादच लागलाय. प्रत्येक भागात मी 'हे साफ कोण करायचं?' या प्रश्नाची वाट बघते. क्वचितच येतो.

आणि तो दुसरा खेळ, 'तू त्या काळात असतास तर?' उत्तरं ठरलेली. एक जण राजा होतो, एक सरदार, तिसरा प्लेगच्या दुसऱ्या दिवशी मरणारा शेतकरी. 'मी दुसऱ्याच्या घरी राबत असते' असं कुणी म्हणत नाही. सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या इंग्लंडचा हिशेब बघितला तर १५ ते २४ वयाच्या साधारण ६० टक्के मुलामुली कुणा ना कुणाच्या घरी किंवा शेतावर नोकर म्हणून राहत होत्या. माइकसमोरच्या तिघांपैकी निदान एकाने तरी विशीत दुसऱ्याची मोरी घासली असती.

तर प्रश्न असा: हे विनोदी बाजामुळे होतं, की मुळात इतिहासाची साधनंच (जुन्या नोंदी, वस्तू) तशी आहेत? आणि रोजचं जगणं हसत हसत पण नीट दाखवता येईल असे विषय कुठले? ऐकलेले भाग सुचवा, नुसते विषय सुचवलेत तरी चालेल.

आडवाप्रश्न

ताई, विनोदी कार्यक्रम आहे तो, खानेसुमारी नाही. दमून आलेला माणूस अर्धा तास हसायला ऐकतो. त्यात प्रत्येक विनोदामागे 'आणि हे घासत कोण होतं बरं?' आलं तर तो विनोद राहणार नाही, प्रवचन होईल. ज्याला खोलात जायचंय तो जातोच की, तुम्ही सेनेकापर्यंत गेलातच ना? गेलात कशामुळे? त्या विनोदामुळेच!

शिवाय जुनी माणसंही आपल्यासारखीच होती हे लोकांना आधी पटू दे. इंग्लंडच्या उत्तर भागात विंडोलांडा नावाचा रोमन तळ होता. तिथल्या मास्क्युलस नावाच्या तुकडीप्रमुखाचं पत्र सापडलंय. वरिष्ठाला विचारतो की उद्या आम्ही काय करायचं, सगळ्यांनी परत यायचं की निम्म्यांनी? आणि शेवटी जोडतो: पोरांकडची बिअर संपलीय, पाठवायला सांगा. एवढ्यावर माझं रोमन साम्राज्याशी जुळलं. उवा-वासाच्या विनोदांतूनही एवढंच साधलं तर पुष्कळ झालं.

कात्रीवाली

आडवाप्रश्न, मास्क्युलस मलाही फार आवडतो. पण बघा, तिथे आपण त्याच्यावर हसत नाही. त्याच्या बाजूने हसतो. उवांच्या विनोदात तसं होत नाही.

तुम्ही चांगलं उदाहरण दिलंत म्हणून मीही एक देते. ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीची एक मोठी फरशी आहे. इजिप्तमधल्या देर अल-मदिना या कारागिरांच्या गावातली, दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या चाळिसाव्या वर्षातली, म्हणजे इ.स.पू. १२५० च्या आसपासची. राजांच्या कबरी खोदणाऱ्या कामगारांची ही गैरहजेरीची नोंद. काळ्या शाईत नावं आणि तारखा, वर लाल शाईत कारणं. आजारी. डोळे आलेत. विंचू चावला. भावाचं प्रेत लेपून ठेवतोय. बिअर करायला बसलाय. बायकोची किंवा मुलीची पाळी आहे. आणि माझं लाडकं कारण: साहेबांच्या खाजगी कामाला गेलाय!

यावर विनोदवीराला अर्धा तास आरामात खेळता येईल, कुणालाही घाणेरडं किंवा मूर्ख न ठरवता. मला असलं हवंय. प्रवचन नकोच. प्रवचनं कापण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय.

खापरतुकडा

चांगला धागा. मी उत्खननांवर काम केलंय, सापडलेल्या वस्तू धुणं, क्रमांक घालणं, पिशव्या भरणं हे सगळं. तेव्हा 'धुवायचं कोण' हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा.

साधनांबद्दल विचारलंत. आम्हाला रोजचं जगणं मिळतं ते बहुतेक उकिरड्यात. हातातून पडलेलं, फुटलेलं, टाकून दिलेलं. विंडोलांडाच्या लाकडी पट्ट्या १९७३ मध्ये पहिल्यांदा मिळाल्या. पोस्टकार्डाएवढ्या, अगदी पातळ, शाईने लिहिलेल्या. ओलसर जमिनीत हवा पोचली नाही म्हणून टिकल्या. काही तर जाळायला टाकलेल्या ढिगातल्या, अर्धवट जळालेल्या आहेत. म्हणजे त्या तळावरच्या कारकुनाच्या मते हा कचराच होता. त्यातल्याच एका पट्टीवर कुणीतरी कुणालातरी मोजे, वहाणा आणि आतले कपडे पाठवल्याचं लिहिलंय. हिच्यावर विनोद सगळेच करतात. तिथेच क्लॉडिया सेव्हेराचं मैत्रिणीला वाढदिवसाचं बोलावणंही आहे. मजकूर लेखनिकाने लिहिलाय, शेवटच्या दोन-चार ओळी तिच्या स्वतःच्या हातच्या. अक्षर वेडंवाकडं आहे, सवय नसल्याचं कळतं. बाईच्या हातचं एवढं जुनं लॅटिन लेखन फार थोडं सापडलंय. मोज्यांइतकी चर्चा हिची होत नाही, कारण यात हसण्यासारखं काही नाही.

उलट बाजूही सांगतो. यॉर्कमध्ये १९७२ साली व्हायकिंग काळातली एक विष्ठा मिळाली, दगड झालेली, वीस सेंटिमीटर लांब. आजही तिथल्या संग्रहालयात काचेआड ठेवली आहे. तिच्यावर जगभर विनोद झालेत आणि का होऊ नयेत? पण त्या एका लेंडावरून कळलं की तो माणूस मांस आणि पाव खात होता आणि त्याच्या पोटात दोन प्रकारचे जंत होते, अंडी शेकड्यांनी. त्याला पोटदुखी असणार. विनोदाच्या ओघात हे ऐकलं तर लक्षात राहतं, आमच्या अहवालात कुणी वाचत नाही. म्हणून घाणीवरच्या विनोदाला सरसकट नाही म्हणू नका. आमचं पोट त्यावर चालतं.

आता कात्रीवालींच्या देर अल-मदिनाबद्दल. त्या गावात पाणीच नव्हतं. खालून गाढवांवर लादून आणायचे. सरकारने गावाला पाणके, लाकूडतोडे, कोळी, कुंभार आणि धोबी नेमून दिले होते. कुणाचे किती कपडे धुवायला गेले त्याच्या याद्या खापरांवर आहेत. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे अक्षरशः लिहून ठेवलंय, फक्त धोब्याने लिहिलेलं नाही.

आणि गंमत ऐका. धोब्यावर हसणं पॉडकास्टवाल्यांनी शोधलेलं नाही. त्याच इजिप्तमध्ये, त्याहून कितीतरी आधी रचलेला एक मजकूर आहे. त्यात बाप मुलाला लेखनिकाच्या शाळेत घालायला नेताना बाकीच्या सगळ्या धंद्यांची टर उडवतो. न्हावी गल्लोगल्ली हनुवट्या शोधत फिरतो, धोबी मगरीच्या शेजारी कपडे आपटतो, वगैरे. लेखणीवाला तेवढा सुखी. लेखनिक होऊ घातलेली पोरं हा मजकूर उतरवून काढायची. देर अल-मदिनात त्याच्या भरपूर नकला सापडल्यात, चुकांसकट. आता ही पोरं जिथे बसून हे उतरवत होती, तिथेच त्यांचे कपडे धोब्याकडे जात होते. विनोदी कार्यक्रमाला यापेक्षा जास्त काय पाहिजे?

निवांतश्रोता

+१ खापरतुकडा. मगरीचं माहीत नव्हतं.

धागाकर्तीला एक सुचवणी: 'यू आर डेड टू मी'च्या प्रत्येक भागाच्या शेवटी दोन मिनिटं इतिहासतज्ज्ञाला मोकळी देतात. विनोदवीराने मध्ये बोलायचं नाही, असा नियम. तुम्ही म्हणता तो अर्धवट तुटलेला श्वास तिथे पुरा होतो बऱ्याचदा. काही जण तो तुकडा आला की बंद करतात, मी उलट आधी तोच ऐकतो.

जुनीवही

उशिरा आलो, पण हा प्रश्न सोडवत नाही.

'साधनंच तशी आहेत का' याचं उत्तर माझ्या मते बरंचसं हो असं आहे. लंडनच्या जुन्या नोंदी बघा. १३१४ मध्ये अ‍ॅलिस वेड नावाच्या बाईने आपल्या माडीवरच्या संडासाला लाकडी नळी जोडली आणि ती पावसाच्या पाण्याच्या गटारात सोडली. स्वतःच्या घरापुरती फ्लशची सोय! गटार तुंबायला लागलं, ते ज्यांच्या घराखालून जात होतं ते शेजारी वासाने हैराण झाले आणि तक्रार घेऊन गेले. निकाल: ४० दिवसांत नळी काढा. १३२६ मध्ये रिचर्ड द रेकर आपल्याच संडासाच्या कुजलेल्या फळ्या मोडून खड्ड्यात पडला आणि बुडून मेला. ही नोंद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या दप्तरातली. या दोन्ही गोष्टी विनोदी कार्यक्रमांच्या आवडीच्या. रेकर म्हणजे रस्त्यावरचा कचरा ओढून नेणारा. नावावरून बघितलं तर बहुधा त्याचा धंदाच तो. कात्रीवाली, तुमचा 'साफ कोण करायचं' इथे समोरच उभा आहे आणि विनोद त्याच्या डोक्यावरून जातो.

पण नोंदी का आहेत? काहीतरी बिघडलं म्हणून. ज्या हजारो घरांचे संडास वेळेवर उपसले गेले, फळ्या वेळेवर बदलल्या गेल्या, त्यांची चौकशी कोण कशाला करेल? खेड्यातल्या बायका उन्हात बसून एकमेकींच्या आणि आपल्या माणसांच्या उवा काढत गप्पा मारायच्या, हे १३२० च्या सुमाराच्या दक्षिण फ्रान्सबद्दल आपल्याला ठाऊक आहे, कारण जाक फुर्निये नावाचा बिशप पाखंडी लोकांची चौकशी करत होता आणि कोण कुणाशी काय बोललं हे त्याला हवं होतं. उवा त्या ओघात आल्या. (हाच बिशप पुढे पोप झाला.) त्या बायकांच्या दृष्टीने उवा काढणं म्हणजे निवांत वेळ होता. आपल्याला ऐकू येतात फक्त उवा.

तरी साधनांवर सगळं ढकलता येत नाही. काही ठिकाणी पुढचं पान उघडं असतं आणि कुणी उलटत नाही. सतराव्या शतकातला लंडनचा सरकारी अधिकारी सॅम्युअल पीप्स, त्याची रोजनिशी घ्या. विनोदी कार्यक्रमांत पीप्स म्हटलं की दोन गोष्टी येतात. एक, १६६६ च्या आगीत त्याने परमेझान चीज जमिनीत पुरून ठेवलं. दुसरी, २० ऑक्टोबर १६६० ला तो तळघरात उतरला आणि पाय थेट विष्ठेच्या ढिगात पडला, कारण शेजाऱ्याचा संडास भरून इकडे वाहत होता. हसू येतंच.

आता त्याच वर्षाची बाकीची पानं. जानेवारीत घरात तिघंच: तो, बायको आणि जेन नावाची मोलकरीण. १६ जानेवारीला तो रात्री लिहीत बसलाय, खिडकीखालून पहारेकरी घंटा वाजवत गेला, एक वाजून गेलाय, बाहेर कडाक्याची थंडी आणि वारा. मग तो झोपायला गेला आणि बायको व मोलकरीण अजून कपडे धूत होत्या, हे त्याने स्वतःच लिहिलंय. एवढंच, एका वाक्यात. पुढे १ डिसेंबरला, म्हणजे तळघराच्या प्रकरणानंतर दीड महिन्यांनी, सामान जागच्या जागी लावलं नाही म्हणून त्याने झाडू उचलला आणि जेन रडेपर्यंत तिला मारलं. नंतर वाईट वाटलं, बाहेर पडायच्या आधी तिची समजूत काढली, हेही लिहिलंय.

एकाच वहीत आहे हे. शोधायला दप्तरखाना धुंडाळावा लागत नाही. चीज सगळ्यांना माहीत, जेन कुणालाच नाही.

आडवाप्रश्न

जुनीवही, जबरदस्त. जेनचं खरंच माहीत नव्हतं.

पण आता मी पुन्हा आडवा येतो. हे सगळं विनोदवीराच्या विरुद्ध जात नाही, त्याच्या बाजूने जातं. 'तो स्पंज धुतला कोणी?' हा प्रश्न विद्वान माणूस विचारणार नाही, त्याला लाज वाटेल. बावळट प्रश्न विचारायची मुभा त्या खोलीत फक्त विनोदवीराला आहे. 'कपडे थंडीत वाळायचे कसे?', 'खिसे नव्हते तर किल्ल्या कुठे ठेवायचे?' असले प्रश्न मी ऐकलेत आणि तज्ज्ञ दोन सेकंद गप्प होतात. त्या दोन सेकंदांत रोजचं जगणं खोलीत शिरतं. तेव्हा विनोद कमी करा म्हणू नका. आणखी बावळट विनोदवीर बोलवा म्हणा.

कात्रीवाली

हे मात्र मान्य. आणि ते दोन सेकंद सगळ्यात आधी कापले जातात, हेही धंद्यातलं सांगते. शांतता म्हणजे पडद्यावर सरळ रेघ. दिसली की हात आपोआप तिकडे जातो. हशा मात्र कुणी कापत नाही, उलट त्याची शेपटी जरा लांब ठेवतात म्हणजे पुढच्या वाक्याला उठाव मिळतो. तज्ज्ञाचं 'तसं नक्की सांगता येणार नाही, पण...' जातं, कारण वेग पडतो. म्हणजे जुन्या काळातला माणूस आधी दप्तरातल्या कारकुनाने छाटला, नंतर बोलणाऱ्याने, आणि उरलेला माझ्यासारखीने. तीन चाळण्या.

निवांतश्रोता, शेवटची ती दोन मिनिटं मी ऐकते, पण माझी एक तक्रार आहे. गंभीर गोष्ट वेगळ्या डब्यात घातली की बाकीच्या भागाला ती सांगायची गरज उरत नाही. जेनचा झाडू त्या दोन मिनिटांत जाईल आणि तळघर मुख्य भागात राहील. मला दोन्ही एका दमात हवेत. तळघरावर हसा, मोकळेपणाने हसा, आणि लगेच विचारा की बाबा रे, पाय तुझा पडला, जोडा कुणी धुतला?

खापरतुकडा, मगरीच्या शेजारचा धोबी आणि त्याला हसणारी शाळकरी पोरं यावर कुणी भाग केला असेल तर नक्की कळवा. नसेल केला तर मला वाटतं मीच एखाद्या बावळट विनोदवीराच्या शोधात निघेन. संपादन फुकट करून देईन.

जुनीवही, जेनचं पुढे काय झालं? रोजनिशी १६६९ पर्यंत आहे ना?

जुनीवही

हो, मे १६६९ पर्यंत. डोळे जातील या भीतीने त्याने लिहिणं थांबवलं. जेन मध्ये काम सोडून गेली, परत आली, असं होत राहिलं. तिचा धाकटा भाऊ वेनमन हाही पीप्सकडेच नोकर होता. त्याला पीप्सने किती वेळा चोपलं याच्या नोंदी विखुरलेल्या आहेत. शेवटी १६६३ मध्ये तो बार्बाडोसला जाणाऱ्या जहाजावर पोचला. सुटका करा म्हणून पीप्सकडे निरोप आला, त्याने नकार दिला. जेनने १६६९ च्या मार्चमध्ये टॉम एडवर्ड्सशी लग्न केलं, तोही पीप्सच्याच कचेरीतला कारकून.

एकदम वाचायला जाऊ नका, रोजनिशी अवाढव्य आहे. १६६० चा जानेवारी आणि ऑक्टोबर ते डिसेंबर एवढंच आधी वाचा. जेनचं नाव प्रत्येक वेळी येत नाही. कधी 'मोलकरीण', कधी नुसतं 'पोरगी' असं येतं, त्यामुळे नावाने शोधलंत तर निम्म्या नोंदी निसटतील.

खापरतुकडा

कात्रीवाली, धोब्यावरचा भाग माझ्या ऐकण्यात नाही. करणार असाल तर कपड्यांच्या याद्यांची छायाचित्रं शोधून देतो. काही याद्यांत शब्दांऐवजी कपड्यांची चित्रंच काढलीत, कदाचित धोब्याला वाचता येत नव्हतं म्हणून. पॉडकास्टमध्ये चित्रं दाखवणार कशी, ते तुमचं तुम्ही बघा.

आडवाप्रश्न

बावळट विनोदवीर म्हणून माझं नाव लिहून घ्या. मानधन लागेल.